मोटारीतील द्रवपदार्थ : पातळी घटते तेव्हा

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराखालोखाल मोठी खरेदी मोटारीची असते. बहुधा ती कर्ज काढून केली जाते आणि तिचे हप्ते पुढे काही वर्षे चालू राहतात. खरेदीच्या वेळी रंग, किंमत, इंधनखर्च, आसनव्यवस्था या साऱ्यांचा बारकाईने विचार होतो; गाडी दारात आली की मात्र बॉनेट उघडून आत डोकावण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ते काम गॅरेजचे, अशी एक सर्वसाधारण समजूत असते.

ही समजूत अंशतः खरी आहे. दुरुस्ती हे जाणकाराचेच काम होय. परंतु पाहणी हे मालकाचे काम आहे. इंजिनाची उष्णता वाहून नेणारे कूलंट, त्याच्या भागांची झीज रोखणारे इंजिन ऑइल, पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइल असे निरनिराळे द्रवपदार्थ मोटारीच्या अंतरंगात अखंड कार्य करीत असतात. त्यांची पातळी व रंग पाहण्यास महिन्यातून दहा मिनिटे पुरतात. या पाहणीत एक सूत्र मात्र ध्यानात ठेवावे लागते : बंदिस्त व्यवस्थेतील द्रव आपोआप ‘संपत’ नाही. तो कमी झाला, तर कोठेतरी गेलेला असतो, आणि तो कोठे गेला हे शोधणे हीच खरी देखभाल होय. नुसती भर घालणे म्हणजे आजाराचे निदान न करता ताप उतरवण्यासारखे आहे.

उष्णतेचा हिशोब

सिलिंडरमध्ये इंधनाचा भडका उडतो तेव्हा आतील वायूंचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. आजच्या बहुतेक इंजिनांचा वरचा भाग, म्हणजे सिलिंडर हेड, अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. असे असूनही इंजिन वर्षानुवर्षे शाबूत राहते, कारण ही उष्णता सतत बाहेर वाहून नेली जाते. इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग धुरावाटे जातो, जवळजवळ तेवढाच भाग शीतन व्यवस्थेमार्फत हवेत सोडला जातो आणि उरलेल्या भागावर गाडी धावते.

या शीतन व्यवस्थेची रचना सुबोध आहे. पाण्याचा पंप कूलंटला इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो. तापलेले कूलंट पुढील बाजूच्या रेडिएटरमध्ये येते. तेथील बारीक नळ्यांवरून वाहणारा वारा, आणि गाडी थांबलेली असल्यास विजेचा पंखा, त्याला थंड करतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप हा मार्ग बंद ठेवते. तापमान सुमारे ८२ ते ९० अंशांवर पोहोचले की ती उघडते. तापून प्रसरण पावलेल्या कूलंटसाठी बाजूला एक अर्धपारदर्शक टाकी असते. मालकाने पाहावयाची ती हीच.

साधे पाणी का चालत नाही?

पूर्वीच्या गाड्यांत रेडिएटरमध्ये सर्रास नळाचे पाणी ओतले जाई. घाट चढण्यापूर्वी गाडी उभी करून पाणी बदलणारे चालक अनेक वाचकांना आठवत असतील. आधुनिक इंजिनांना ही सवय घातक ठरते. विहिरीच्या वा बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार चहाच्या भांड्यात बसतात तसेच रेडिएटरच्या नळ्यांतही थर धरतात. हा थर उष्णतेला अडवतो, अरुंद नळ्या बुजवतो. शिवाय पाणी व प्राणवायू यांच्या संपर्काने धातूचे भाग गंजतात.

कूलंट म्हणजे प्रामुख्याने एथिलीन ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण. ग्लायकॉल व पाणी समप्रमाणात असल्यास मिश्रण सुमारे उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. झाकणामुळे व्यवस्थेत निर्माण होणाऱ्या दाबाचे साहाय्य मिळून त्याचा उत्कलनबिंदूही १२० अंशांच्या पुढे जातो. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. जितके ग्लायकॉल अधिक तितके चांगले, असे नाही. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि उष्णता वाहून नेण्यात ते पाण्याहून कमी पडते. म्हणूनच बाजारात मिळणारे तीव्र कूलंट डब्यावरील प्रमाणानुसार डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे. ‘वापरण्यास तयार’ असे लिहिलेल्या कूलंटमध्ये मात्र पाणी घालू नये.

नोकरीतील बदल्यांमुळे देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या कुटुंबांना या गुणधर्मांचे महत्त्व विशेष आहे. रत्नागिरीत वर्षानुवर्षे पाणी घालून चालवलेली गाडी हिवाळ्यात लेह किंवा द्रासला नेली, तर आतील पाणी गोठते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्या ताणाने रेडिएटरच नव्हे, तर इंजिनाचा ठोकळाही तडकू शकतो. उंचीचा परिणामही दुर्लक्षिता येत नाही. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये उघड्या भांड्यातील पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळते. याचा अर्थ, रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल तर इंजिनाच्या नेहमीच्या तापमानालाच तेथे पाण्याची वाफ होऊ लागेल. झाकणाचे झिजलेले रबर ही क्षुल्लक बाब नव्हे, ती अशी.

कूलंटच्या रंगाविषयीही सावध असावे. हिरवा, लाल, गुलाबी, निळा, नारिंगी असे रंग उत्पादक आपल्या सोयीने देतात; समान रंग म्हणजे समान रसायन असे नव्हे. भिन्न गंजरोधके एकत्र आल्यास त्यांचा प्रभाव घटतो, क्वचित गाळही धरतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकारच वापरणे श्रेयस्कर. गंजरोधके कालांतराने निष्प्रभ होत असल्यामुळे, पातळी भरलेली दिसली तरी पुस्तिकेतील मुदतीनुसार कूलंट पूर्णपणे बदलून घ्यावे.

पाहणी आणि निदान

कूलंटची पातळी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी पाहावी. गाडी सपाट जागी असावी आणि टाकीतील द्रव किमान व कमाल या दोन खुणांच्या मध्ये असावा. तापलेल्या इंजिनावर पातळी वर गेलेली दिसते व फसगत होते. गरम असताना रेडिएटरचे वा टाकीचे झाकण कधीही उघडू नये. दाब अकस्मात सुटून उकळते कूलंट अंगावर उसळते आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात. विजेचा पंखा इंजिन बंद केल्यानंतरही फिरू लागतो, म्हणून त्याच्या जवळ हात नेऊ नयेत.

पातळी एकदा थोडी उतरलेली आढळली, तर योग्य कूलंटची भर घालून तारीख नोंदवून ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा उतरली, तर मात्र गाडी तपासणीस न्यावी. रबरी नळ्यांची पकड सैल असणे, रेडिएटरला बारीक छिद्र पडणे, पंपाचे सील झिजणे ही नेहमीची कारणे. जमिनीवर डाग नाही आणि तरीही कूलंट घटते आहे, असे असेल तर ते अधिक चिंतेचे लक्षण समजावे. सिलिंडर हेडखालील गॅस्केट फुटल्यास कूलंट इंजिनातच शिरते. धुराड्यातून सतत निघणारा गोडसर वासाचा पांढरा धूर किंवा इंजिन ऑइलला आलेला दुधाळ कॉफीसारखा रंग ही त्याची खूण होय. अशी गाडी चालवत राहणे म्हणजे लहान खर्चाचे मोठ्या खर्चात रूपांतर करणे.

एथिलीन ग्लायकॉल गोडसर लागते, पण ते विषारी आहे. १०० मिलिलिटरच्या आसपास मात्रा प्रौढ माणसालाही प्राणघातक ठरू शकते. लहान मुले व पाळीव प्राणी यांना त्याहून कितीतरी कमी. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कूलंट भरून ठेवण्याची पद्धत तत्काळ बंद करावी आणि सांडलेला द्रव भरपूर पाण्याने धुऊन टाकावा.

वाटेत इंजिन तापले तर

उन्हाळ्याच्या दुपारी कसारा किंवा खंबाटकीचा घाट पूर्ण भारानिशी, वातानुकूलन चालू ठेवून चढताना शीतन व्यवस्थेची खरी परीक्षा होते. गाडीचा वेग कमी, म्हणून वारा कमी. इंजिनावरचा ताण मात्र अधिक. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर सरकू लागताच वातानुकूलन बंद करावे. हीटर पूर्ण वेगाने चालू केल्यास इंजिनाची काही उष्णता गाडीच्या आतील भागात खेचली जाते. प्रवाशांना त्रास होतो, परंतु इंजिनाला उसंत मिळते. काटा लाल पट्ट्यात गेल्यास किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ हा विचार महाग पडतो. अतितापलेले अ‍ॅल्युमिनियमचे हेड काही मिनिटांतच वाकडे होऊ शकते.

किमान अर्धा तास, आवश्यक तर त्याहून अधिक वेळ, थांबावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. तापमानातील अकस्मात फरकाने धातूला तडे जातात. इंजिन पुरेसे निवल्यावर झाकणावर जाड कापड ठेवून ते हळूहळू उघडावे. कूलंट उपलब्ध नसेल, तर जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचण्यासाठी पिण्याचे पाणी भरणे क्षम्य आहे. पुढे व्यवस्था धुऊन नवे कूलंट भरून घ्यावे.

काट्यावर आंधळा विश्वास ठेवणेही योग्य नाही. तापमान मोजणारे सेन्सर द्रवात बुडालेले असेल तोवरच खरे सांगते. नळी फुटून कूलंट पूर्ण वाहून गेले, तर काटा प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवू शकतो. बॉनेटमधून येणारी वाफ, गोड वास, अचानक मंदावलेली गाडी ही लक्षणे काट्याइतकीच विश्वसनीय मानावीत.

इंजिन ऑइल

इंजिनातील धातूचे भाग मिनिटाला हजारो वेळा एकमेकांवरून सरकतात. त्यांच्यामध्ये तेलाचा केसाहूनही पातळ थर असतो, म्हणूनच ते टिकतात. हे तेल वंगणाबरोबरच उष्णता वाहून नेण्याचे आणि काजळी धरून ठेवण्याचे कामही करते. डिझेल गाडीतील तेल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळे पडते, ते या कारणाने. त्यात घाबरण्याजोगे काही नाही.

पातळी पाहण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे तेल खाली उतरते. डिपस्टिक काढून स्वच्छ कापडाने पुसावी, पूर्ण आत घालावी व पुन्हा काढून पाहावी. तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. कमाल खुणेच्या वर तेल भरणेही हानिकारक आहे. फिरता क्रँकशाफ्ट तेलात बुडून फेस निर्माण होतो आणि फेसाळलेले तेल वंगणाचे काम करीत नाही.

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ यासारखी खूण तेलाचा दाटपणा सांगते. पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा, दुसरा तापलेल्या अवस्थेतील दाटपणाचा. ‘जड तेल इंजिनाला चांगले’ हा जुना संकेत आजच्या इंजिनांना लागू पडत नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ निकषांच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते व तिच्यासाठी कमी राख देणारे तेल आवश्यक असते. या गाड्यांत केवळ शहरी, थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासामुळे गाळणीची स्वच्छता अपुरी राहिल्यास न जळलेले डिझेल तेलात उतरते आणि डिपस्टिकवरील पातळी वाढलेली दिसते. घटणारी पातळी जशी बोलते, तशी वाढणारीही.

घरापासून स्टेशनपर्यंत दोन-तीन किलोमीटरच गाडी वापरणाऱ्यांनी केवळ किलोमीटरवर विसंबू नये. अल्प प्रवासात तेल पुरेसे तापत नाही आणि त्यातील पाण्याचा अंश व इंधन उडून जात नाही. बहुतेक गाड्यांसाठी १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, अशी मर्यादा असते. यातील ‘एक वर्ष’ अशा वाहनधारकांसाठीच आहे. तेलाच्या दाबाचा लाल दिवा धावत्या गाडीत लागल्यास इंजिन त्वरित बंद करणे हाच एकमेव उपाय होय.

ब्रेक ऑइल : प्रश्न जिवाचा

कूलंट व इंजिन ऑइलकडे दुर्लक्ष झाले, तर पैशाचे नुकसान होते. ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष झाले, तर जीव पणाला लागतो. हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. बंद टाकीतही हे शोषण रबरी नळ्यांमार्फत मंदगतीने चालूच राहते. नव्या ‘डॉट ३’ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तोच १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. ‘डॉट ४’साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ अंश आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने चाकांजवळील द्रव तापतो. तो जुना असेल तर त्यातील पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल तळाशी जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणूनच घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी आणि ब्रेक ऑइल पुस्तिकेतील मुदतीनुसार, सामान्यतः दर दोन वर्षांनी, बदलावे.

ब्रेकचे पॅड झिजतात तशी टाकीतील पातळी हळूहळू उतरते. म्हणून पातळी किमान खुणेजवळ आल्यास भर घालण्याआधी पॅड तपासून घ्यावेत. पातळी एकाएकी उतरली, तर गळती आहे असे समजून गाडी चालवूच नये.

इतर द्रव

जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगसाठी तेल असते. नव्या बहुतेक लहान गाड्यांत ही यंत्रणा विजेवर चालते. साध्या बॅटरीत पट्ट्या बुडतील इतपत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल नव्हे. त्या वेळी जवळपास विडी-सिगारेट पेटवू नये, कारण बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन निघतो. काच धुण्याच्या टाकीतील पाणी पहिल्या पावसाच्या चिखलात दृष्टी वाचवते. तेही भरलेले असावे.

अनेक नव्या डिझेल गाड्यांत युरियाचे ३२.५ टक्के द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते संपले, तर गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडल्यास इंजिन सुरू न करता टाकी रिकामी करून घ्यावी.

विजेवरील मोटारीत इंजिन ऑइल नसते, म्हणून तिला कोणताच द्रव लागत नाही असे मात्र नाही. ब्रेक ऑइल तिलाही असते. बहुतेक विद्युत मोटारींत बॅटरी थंड राखण्यासाठी कूलंट फिरते आणि काहींना कमी वीजवाहक असे विशेष कूलंट लागते. त्यात बाजारातील साधे कूलंट किंवा पाणी घालणे धोक्याचे आहे.

जमिनीवरचे डाग काय सांगतात?

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला, तर सकाळी बरेच काही समजते. स्वच्छ, बिनवासाचे पाणी वातानुकूलनाचे असते, ते निरुपद्रवी. हिरवट वा गुलाबी, गोड वासाचा ओघळ कूलंटचा. तपकिरी-काळा, चिकट डाग इंजिन ऑइलचा. लालसर तेल बहुधा स्वयंचलित गिअरचे किंवा पॉवर स्टिअरिंगचे. चाकाजवळील पातळ, फिकट पिवळा, निसरडा द्रव ब्रेकचा असू शकतो. तो दिसल्यास गाडी जागेवरूनच हलवू नये.

विमा आणि हप्ते

‘गाडीचा विमा आहे’ या आश्वासनाची मर्यादाही जाणून घ्यावी. खासगी मोटारीच्या प्रमाणित सर्वंकष पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांचा समावेश नसतो. कूलंट संपून इंजिन जाम झाले, तर तो अपघात नव्हे, बिघाड ठरतो. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवल्यास वाढलेले नुकसान मालकाच्या जबाबदारीवर असते. रेडिएटर गाडीच्या अगदी पुढे असतो. समोरून बसलेल्या किरकोळ धडकेत तो फुटला आणि तशीच गाडी घरी आणताना इंजिन निकामी झाले, तर बंपर-रेडिएटरची भरपाई मिळेल, इंजिनाची मात्र नाकारली जाऊ शकते. अशा प्रसंगी गाडी उचलून नेणे हेच शहाणपणाचे. इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी घेतली असल्यास तिच्या अटी आधीच वाचाव्यात. इंजिन बंद पडले म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे निराळे सांगावयास नको. सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवाव्यात; वॉरंटीच्या दाव्यात आणि पुढे गाडी विकतानाही त्या उपयोगी पडतात.

काढलेले जुने तेल गटारात वा जमिनीवर ओतू नये. देशातील २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. ते गॅरेजकडेच सोपवावे.

दहा मिनिटांची शिस्त

महिन्याचा एक ठरावीक दिवस या पाहणीसाठी निवडावा. इंजिन थंड असताना कूलंट, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल व काच धुण्याचे पाणी या क्रमाने पातळी पाहावी आणि गाडीतील लहानशा वहीत तारीख, किलोमीटर व पातळी टिपून ठेवावी. लांबच्या प्रवासापूर्वी आणि पावसाळ्याच्या आरंभी ही पाहणी अधिक काळजीने करावी. बँकेच्या पासबुकातील नोंदी पाहताना रक्कम अकारण कमी झालेली आढळली, तर कोणीही केवळ नवी रक्कम भरून स्वस्थ बसत नाही. ती कोठे गेली याची चौकशी करतो. मोटारीच्या टाक्यांवरील खुणाही त्याच दृष्टीने वाचल्या, तर इंजिन आणि त्यावर विसंबून प्रवास करणारे कुटुंब, दोन्ही सुरक्षित राहतील.